वीस टन काच आणि चाळीसचा वेग : एका आरशाचा रेल्वेप्रवास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा लोकलच्या गर्दीत ज्यांचा एक इयरफोन नेहमी कानातून पडतो, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त अडखळणं तेवढं काढून टाकलंय.

आजची गोष्ट थोडी उलटी आहे. इतिहासात आपण काय ऐकतो? लढाई झाली, जहाज बुडालं, पूल पडला, कुणीतरी शोध लावला. म्हणजे काहीतरी घडलं. आज मी अशा प्रवासाबद्दल बोलणार आहे ज्यात काहीही घडलं नाही. एक पेटी निघाली, सोळा दिवस रेल्वेनं गेली आणि पोचली. बस. पण काहीही घडू नये म्हणून जे केलं गेलं, ती सगळी आजची गोष्ट आहे.

पेटीत काय होतं? काच. एकच तुकडा. व्यास २०० इंच, म्हणजे पाच मीटरपेक्षा थोडा जास्त. वजन सुमारे २० टन. तुमच्या हॉलच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जाईल आणि तरी बाहेर उरेल, एवढी मोठी गोल थाळी. वर्ष १९३६.

आधी हे पाहू की ही काच आली कुठून

जॉर्ज एलरी हेल नावाचे एक अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ होते. या माणसाला मोठ्या दुर्बिणी उभ्या करायचं वेडच होतं म्हणा ना. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर १०० इंची आरशाची दुर्बीण त्यांच्याच पुढाकारानं उभी राहिली, १९१७ साली. एडविन हबलनं आपल्या आकाशगंगेबाहेरही आकाशगंगा आहेत हे याच दुर्बिणीतून दाखवलं. पण हेलना त्याच्या दुप्पट हवी होती. २०० इंच. १९२८ मध्ये रॉकफेलरांच्या पैशातून ६० लाख डॉलर मंजूर झाले.

आता आरसा म्हटलं की आपल्याला वाटतं, चकाकी महत्त्वाची. पण दुर्बिणीच्या आरशात चकाकीचा थर केसापेक्षा कितीतरी पातळ असतो. खरं काम खालची काच करते. तिनं आपला आकार सोडायचा नाही, थंडीत नाही आणि उन्हात नाही. साधी काच तापली की फुगते, गार झाली की आकसते. आकार एवढासा जरी बदलला तरी तारा ठिपक्यासारखा दिसायच्या ऐवजी पसरट दिसतो.

पहिल्यांदा जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं वितळवलेल्या क्वार्ट्झचा आरसा बनवायचा प्रयत्न केला. लाखो डॉलर गेले, जमलं नाही. मग काम गेलं न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावच्या काच कारखान्याकडे. त्यांच्याकडे पायरेक्स होती. तुमच्या घरी ओव्हनमध्ये चालणारं काचेचं भांडं असेल किंवा गरम चहा ओतला तरी न तडकणारा ग्लास असेल, तर ही काच त्याच जातीची. बोरोसिलिकेट. तापली तरी फार फुगत नाही.

२५ मार्च १९३४ ला पहिली ओतणी झाली. वजन कमी करण्यासाठी थाळीच्या पाठीमागे मधमाशांच्या पोळ्यासारखे खळगे ठेवायचे होते. त्यासाठी साच्यात ११४ ठोकळे बोल्टनं बसवले होते. बाहेर बघ्यांची गर्दी, आत वितळलेली काच ओतली जातेय, आणि त्या उष्णतेनं काही बोल्टच वितळले. ठोकळे सुटून काचेवर तरंगायला लागले! ती थाळी दुर्बिणीच्या कामाची राहिली नाही. आज ती कॉर्निंगच्या काच संग्रहालयात ठेवलेली आहे.

२ डिसेंबर १९३४ ला दुसरी ओतणी झाली. या वेळी जमलं. पण एवढा मोठा काचेचा गोळा पटकन गार केला तर आतल्या ताणानंच फुटतो. म्हणून तो भट्टीत जवळपास दहा महिने हळूहळू गार केला. रोज एक अंशापेक्षाही कमी, या गतीनं. त्यात १९३५ च्या जुलैत शेजारच्या चेमुंग नदीला पूर आला, पाणी कारखान्यात शिरलं आणि भट्टीची वीज काही दिवस बंद ठेवावी लागली. तरी काच वाचली.

म्हणजे विचार करा. आठ वर्षांची खटपट, क्वार्ट्झवर वाया गेलेला पैसा, एक फसलेली ओतणी, एक पूर, आणि हे सगळं झेलून उरलेली एकमेव चांगली काच. आणि आता ती अमेरिकेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायची. पासाडेनाला, कॅलिफोर्नियात, जवळपास ५,००० किलोमीटर. तिथे ती घासून, तासून आरसा व्हायची होती. वाटेत तडा गेला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि हेल तेव्हा आजारी होते, साठी उलटलेले. पुन्हा पहिल्यापासून करायला त्यांच्याकडे आयुष्यच उरलं नव्हतं.

जड वेगळं, नाजूक वेगळं

इथे एक मिनिट थांबून एक फरक समजून घेऊ.

जड वस्तू हलवणं माणसाला हजारो वर्षांपासून येतं. आपल्याकडचं उदाहरण घ्या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, तिची इंजिनं इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीत बनलेली होती. जहाजातून आली. पण लोखंडी इंजिनाची एक सोय असते. चाकं वेगळी करता येतात, बॉयलर वेगळा करता येतो, पोचल्यावर पुन्हा जोडता येतं. आणि एखादा पत्रा वाकला तर लोहार तो ठोकून सरळ करतो.

नाजूक वस्तू हलवणंही येतं. आपली आई लोणच्याची बरणी साडीत गुंडाळून पुण्याहून नागपूरला पाठवते आणि ती पोचते.

पण जड आणि नाजूक एकत्र आलं, आणि वर ती वस्तू सुटीही करता येत नसेल, तर मात्र पंचाईत. वजन जास्त म्हणून मऊ गादीवर ठेवता येत नाही, गादी चपटी होऊन जाते. नाजूक म्हणून नुसतं लोखंडावर ठेवता येत नाही. सुटे भाग नाहीत म्हणून आकार रस्त्यापेक्षा मोठा. आजचे मोठे ट्रान्सफॉर्मर, टर्बाइनचे रोटर, छपाईची मोठी मशिनं, चिप बनवणारी यंत्रं, या सगळ्यांची अडचण हीच आहे.

माझे मामा भोसरीत लाकडी पेट्या बनवायचे. निर्यातीच्या मशिनरीसाठी. सुट्टीत मी तिथे जायचो, म्हणजे खरं तर भुशात खेळायला जायचो. मामांकडे नवीन मशिन आलं की ते पहिला प्रश्न वजनाचा विचारायचे नाहीत. विचारायचे, ‘याचं वजन बसतंय कुठे?’ म्हणजे गुरुत्वमध्य. मशिन दिसायला सारखं असतं पण मोटर एका कोपऱ्यात असते. क्रेननं मधोमध धरून उचललं की ते एकीकडे कलतं. पेटीच्या बाहेर गुरुत्वमध्याची खूण रंगवलेली असते ना, वर्तुळात क्रॉस काढल्यासारखी, ती त्यासाठी.

दुसरी गोष्ट मला मामांकडेच कळली. दोन पट्ट्यांनी ओझं उचलताना पट्ट्या जितक्या आडव्या, तितका त्यांच्यावर ताण जास्त. गणित सोपं आहे. पट्टी जमिनीशी ६० अंशांत असेल तर प्रत्येक पट्टीवर ओझ्याच्या साधारण ५८ टक्के ताण येतो. तीच ३० अंशांवर आली, तर प्रत्येक पट्टीवर अख्ख्या ओझ्याएवढा ताण. दोन पट्ट्या असून प्रत्येकीवर पूर्ण वजन! मामा पट्ट्या लांब घ्यायचे, क्रेनचा हूक उंच ठेवायचे, आणि पेटीखाली कुणी आलं की शिव्या घालायचे. मला पण खाल्ल्यात. तेव्हा राग यायचा. पण जड पेटी सटकली तर आधी मशिन जात नाही, आधी माणूस जातो. हे कळायला थोडं मोठं व्हावं लागलं.

काच उभी का नेली?

तर पुन्हा १९३६. पहिला प्रश्न, काच आडवी न्यायची की उभी?

आपल्याला सहज वाटतं, आडवी. थाळी जमिनीवर सपाट ठेवली की पडायची भीती नाही. पण पुण्यात किंवा ठाण्यात काचवाल्याचा टेम्पो पाहिलाय? मागे तिरक्या चौकटीवर काचा उभ्या लावलेल्या असतात. आडव्या कधीच नाहीत.

कारण असं की, काच दाबली तर खूप सोसते, ताणली की मात्र पटकन तुटते. पापड आडवा धरून एका टोकाला उचला, मधोमध मोडतो. तोच उभा धरला तर आपल्या वजनानं वाकत नाही. आडवी काच खड्ड्यात आपटली की मधोमध झोल घेते, खालचा पृष्ठभाग ताणला जातो, आणि तिथे एखादा बारीकसा ओरखडा असला की तडा तिथूनच सुरू होतो. उभी काच तोच धक्का आपल्या जाडीवर नाही, उंचीवर घेते. वाकायला तिला जागाच नसते.

दुसरं कारण अगदी व्यवहारी. सतरा फुटांची थाळी आडवी ठेवली तर ती रेल्वेच्या डब्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येणार. समोरून दुसरी गाडी आली की संपलं. म्हणजे उभीच न्यायला हवी. पण सतरा फूट उभी, आणि खाली डब्याची उंची धरली, तर पुलाखालून जाणार कशी?

उत्तर होतं एक खास मालडबा. मधोमध खोल खड्डा असलेला. पोलादी पेटीत बंद केलेली काच त्या खड्ड्यात उतरवली. पेटीचा तळ रुळांपासून अवघ्या काही इंचांवर आला. एवढं करूनही वरच्या पुलांखालून जागा बेताचीच राहत होती. म्हणून मार्ग जवळचा कोणता म्हणून निवडला नाही. काच कुठून निघेल, हे बघून निवडला. कुठल्या पुलाची उंची किती, कुठल्या बोगद्यातून वाट नाही, हे आधी बघायचं आणि मग गाडी सोडायची.

मला हा भाग सगळ्यात आवडतो. आपण पॅकिंग म्हणजे खोका, थर्माकोल, चिकटपट्टी असं समजतो. इथे डबासुद्धा पॅकिंगचाच भाग होता. मार्ग पॅकिंगचा भाग होता. आणि वेगसुद्धा.

ताशी २५ मैल

वेगाची मर्यादा ठरली ताशी २५ मैल. म्हणजे ४० किलोमीटर. तुमची स्कूटी याच्यापेक्षा जोरात जाते. आणि गाडी फक्त दिवसा चालवायची. अंधार पडला की थांबायचं.

एवढं हळू का? दोन कारणं सांगतो, दोन्ही शाळेच्या भौतिकशास्त्रातली.

एक, गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गानुसार वाढते. वेग अर्धा केला की ऊर्जा अर्धी होत नाही, पाव होते. अचानक ब्रेक लागला, डबे एकमेकांवर आदळले, तर काचेपर्यंत पोचणारा दणका त्या प्रमाणात कमी.

दोन, त्या काळी रूळ सलग वेल्ड केलेले नसायचे. साधारण १२ मीटरचे तुकडे बोल्टनं जोडलेले असायचे. प्रत्येक सांध्यावर खट्. ४० च्या वेगानं साधारण सेकंदाला एक खट् होतो. आता प्रत्येक वस्तूला स्वतःची एक लय असते. झोपाळ्याला त्याच्या लयीत ढकललं की थोड्या जोरातही तो उंच जातो. डबा, पेटी आणि काच यांचंही तसंच. बाहेरचे धक्के आणि आतली लय जुळली की छोटा धक्का मोठा होतो. म्हणून पेटी आणि काच यांच्यामध्ये नुसतं ‘मऊ काहीतरी’ भरून चालत नाही. फार मऊ असेल तर काच आत डोलायला लागते. फार कडक असेल तर प्रत्येक खट् थेट काचेला लागतो. पॅकिंगवाल्याचं अर्धं कौशल्य या मधल्या मापात आहे.

२६ मार्च १९३६ ला गाडी कॉर्निंगहून निघाली. पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की आत २०० इंची दुर्बिणीची काच आहे. जगात मंदी चालू होती, लोकांच्या हाताला काम नव्हतं, आणि गावोगावी माणसं रुळांच्या कडेला ही पेटी बघायला उभी राहिली. काच दिसत नव्हती, नुसती पोलादी पेटी. तरी हजारो लोक आले.

१० एप्रिलला गाडी पासाडेनाला पोचली. पेटी उघडली. काच शाबूत.

पण प्रवास संपला नव्हता

यानंतर काच घासायला किती वर्षं लागली माहितीये? अकरा. मध्ये दुसरं महायुद्ध आलं, काम थांबलं. कारखान्यातल्या या कामाची सूत्रं मार्कस ब्राउन यांच्याकडे होती. हा माणूस माउंट विल्सनवर ट्रक ड्रायव्हर म्हणून नोकरीला लागला होता, तिथून शिकत शिकत तो जगातला सगळ्यात मोठा आरसा घासणाऱ्या टीमचा प्रमुख झाला. घासता घासता जवळपास पाच टन काच निघून गेली. उरलं साडेचौदा टन.

आणि आता तिची किंमत वाढली होती. १९३६ ला ती काच होती. १९४७ ला ती आरसा होती, अकरा वर्षांची मेहनत पृष्ठभागावर असलेला. १८ नोव्हेंबर १९४७ ला तो पुन्हा पेटीत बसला. या वेळी रस्ता, रेल्वे नाही. जड ट्रेलरवर, डिझेल ट्रॅक्टर लावून, पोलिसांच्या बंदोबस्तात पालोमार डोंगरावर. वर चढताना हवा बिघडली, तरी दुसऱ्या दिवशी आरसा वेधशाळेत पोचला.

३ जून १९४८ ला दुर्बिणीचं उद्घाटन झालं. तिला नाव दिलं हेल यांचं. हेल स्वतः ते बघायला नव्हते. ते १९३८ मध्येच गेले. त्यांनी ती काच सुखरूप पासाडेनाला आलेली तेवढी त्यांच्या हयातीत झाली. त्या रेल्वेप्रवासात तडा गेला असता तर त्यांच्या आयुष्याची शेवटची दोन वर्षं कशात गेली असती, याचा विचार माझ्या मनात येतोच.

तेच प्रश्न, नवी यंत्रं

तुम्ही म्हणाल, हे झालं जुनं. आता हेलिकॉप्टर आहेत, मोठी विमानं आहेत, कॉम्प्युटर आहेत. बरोबर. पण प्रश्न बदललेले नाहीत. दोन उदाहरणं पटकन सांगतो.

२००६. जर्मनीत कॅट्रिन नावाच्या प्रयोगासाठी २०० टनांची एक पोलादी टाकी डेगेनडॉर्फ गावात बनली. जायचं होतं कार्ल्सरूहला, अंतर साधारण ४०० किलोमीटर. पण टाकीचा व्यास १० मीटर. रस्त्यानं जाणार कशी? मग ती डॅन्यूब नदीनं उलट्या दिशेला काळ्या समुद्रात गेली, तिथून भूमध्य समुद्र, अटलांटिक, रॉटरडॅम, आणि ऱ्हाइन नदीनं वर. ४०० किलोमीटरसाठी सुमारे ९,००० किलोमीटर! शेवटचे काही किलोमीटर ती लिओपोल्ड्सहाफेन गावातून घरांच्या अगदी जवळून सरकत गेली. तो फोटो नक्की शोधून बघा.

२०१३. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेतून शिकागोजवळच्या फर्मीलॅबला एक विद्युतचुंबकाचं कडं न्यायचं होतं. व्यास १५ मीटर, सुटं करता येत नाही, आणि वाटेत ते तीन मिलिमीटरपेक्षा जास्त पिळवटता कामा नये. १५ मीटरला तीन मिलिमीटर! नवीन बनवण्यापेक्षा हलवणं कितीतरी स्वस्त होतं म्हणून हा उपद्व्याप. कडं बार्जवर चढलं, फ्लोरिडाला वळसा घालून नद्यांमधून वर आलं, आणि शेवटी तीन रात्री रस्ते बंद करून हळूहळू फर्मीलॅबला पोचलं. पस्तीस दिवस लागले. याच कड्यात मोजलेल्या म्युऑन कणांच्या निकालाची २०२१ मध्ये जगभर चर्चा झाली. त्या बातम्यांत ट्रेलरचा ड्रायव्हर कुठेच नव्हता.

आजची पेटी कशी असते

जाता जाता आजच्या पेटीबद्दल चार गोष्टी. पुढच्या वेळी एखादी दिसली तर ओळखता येतील.

पहिली, खुणा. वाइनचा ग्लास म्हणजे नाजूक. छत्री म्हणजे ओलावा नको. दोन बाण म्हणजे ही बाजू वर. साखळीची खूण म्हणजे इथेच पट्टा लावा. या खुणा जगभर सारख्या आहेत. कारण पेटी न्हावा शेवाला चढवणारा आणि हॅम्बुर्गला उतरवणारा एकमेकांची भाषा वाचत नाहीत.

दुसरी, लाकडावर ‘एचटी’ शिक्का. हा उष्णतेच्या प्रक्रियेचा शिक्का. लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवलेलं असतं. का? कीड. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आशियातला एक लांब शिंगांचा भुंगा सापडला, जो पॅकिंगच्या लाकडातून आला असावा असं मानलं जातं. तो जिवंत झाडं पोखरतो. अशा अनुभवांनंतर २००२ मध्ये जगभरासाठी नियम आला. मशिन वाचवणाऱ्या पेटीनं दुसऱ्याचं जंगल मारू नये, एवढा साधा विचार.

तिसरी, ओलावा. कंटेनर दिवसा तापतो, रात्री गार होतो, आणि छताला आतून पाणी धरून ते खाली टपकतं. बाहेर पाऊस नसतानाही आत पाऊस. म्हणून मशिनला गंज रोखणारा कागद, त्यावर ॲल्युमिनियमच्या थराचं आवरण, आत ओलावा शोषणाऱ्या पिशव्या. नव्या बुटांच्या खोक्यात छोटी पुडी असते ना, तिचीच मोठी बहीण.

चौथी, बांधणी. आंतरराष्ट्रीय नियमावली सांगते की रस्त्यावरच्या वाहनात माल असा बांधा की पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना व मागे ०.५ पट जोर आला तरी तो हलता कामा नये. दहा टनांचं मशिन असेल तर जोरात ब्रेक लागल्यावर ते आठ टनांच्या जोरानं ड्रायव्हरच्या केबिनकडे निघतं, असं धरून चालायचं. ‘एवढं जड आहे, कुठे जातंय सरकून’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचं. जड वस्तूच जास्त जोरानं सरकते.

आणि हो, पेटीवर एक छोटी नळी चिकटवलेली असते, जी ठरावीक धक्का बसला की लाल होते. ती धक्का थांबवत नाही. पण ती आहे म्हणून हाताळणारा जपून हाताळतो, आणि कुठल्या टप्प्यावर दणका बसला हे कळतं. १९३६ ला अशी नळी नव्हती. गाडीचा वेग कमी ठेवणं आणि माणसांनी लक्ष ठेवणं, हेच त्यांचं यंत्र होतं.

आणि आता हिंगोली

हे सगळं मी आज का सांगतोय? कारण असाच एक प्रवास आपल्याकडे यायचा आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो इंडिया उभं राहतंय. गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या लायगोनं आपल्या तिसऱ्या उपकरणाचे भाग भारतासाठी बाजूला काढून ठेवलेत. त्या जातीच्या उपकरणातला एकेक मुख्य आरसा ३४ सेंटिमीटरचा, ४० किलोचा. पालोमारच्या मानानं अगदी लहान. पण आकाराचं माप असं की अणूपेक्षाही कितीतरी लहान हालचाल त्यावरून मोजायची. तिथे नुसता तडा नाही, धुळीचा कणसुद्धा नुकसान करतो.

म्हणजे कधीतरी मराठवाड्यातल्या एखाद्या रस्त्यावरून एक पेटी जाईल. तिच्यावर वाइनचा ग्लास, छत्री आणि दोन बाण असतील. पुढे-मागे गाड्या, वेग कमी. आपल्यापैकी कुणीतरी मागून हॉर्न वाजवत असेल की एवढं हळू काय चाललंय.

तर एवढंच सांगेन. हायवेवर रात्री असा लांबलचक ट्रेलर हळूहळू जाताना दिसला, तर घाईनं बाजूनं घुसू नका. थोडं मागे राहा. आत काय आहे ते आपल्याला माहीत नसतं. कदाचित एखाद्या गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर असेल, कदाचित एखाद्या हॉस्पिटलचं एमआरआय मशिन. आणि ट्रेलरच्या मागे लाल दिवा हातात घेऊन चालणारा जो हेल्पर असतो, त्याचं काम एकच आहे, आज काही घडू नये.

तुमच्या घरात, ओळखीत कुणी पॅकिंग, क्रेन किंवा ट्रेलरच्या कामात असेल तर त्यांना हा भाग जरूर पाठवा, आणि त्यांचे अनुभव आम्हाला कळवा. पुढच्या काही भागांत त्यांच्याच तोंडून ऐकायला मला आवडेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!